तीन गेटवे एका साखळीत: देवगड पट्ट्यातल्या सबस्टेशनच्या कामाच्या नोंदी

४ एप्रिल

आज तिन्ही सबस्टेशन फिरून झाली, तिन्ही ३३/११ केव्ही. नोंदीत सोयीसाठी त्यांना जेटीचं, सड्यावरचं आणि नाक्यावरचं म्हणतो. प्रत्येकात एक डेटा गेटवे आधीपासून बसवलेला आहे, तिन्ही वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या लोकांनी बसवलेले, आणि प्रत्येकजण आपापल्या रिले (बिघाड ओळखून ब्रेकर उडवणारं यंत्र) आणि मीटरचा डेटा गोळा करून तिथल्याच एका कॉम्प्युटरवर दाखवतो, बाहेर काहीच जात नाही. आपलं काम हे तिन्ही मुख्य सबस्टेशनच्या गेटवेला जोडायचे आणि तिथून सगळं एकत्र कंट्रोल रूमला न्यायचं.

रस्ता असा ठरला. जेटीचं सबस्टेशन खाली खाडीला लागून आहे, तिथे फायबर नाही आणि मोबाईलची रेंज येते-जाते. पण सडा समोर उंचावर आहे, जेटीवरून सरळ दिसतो. म्हणून जेटी ते सडा ५ गिगाहर्ट्झचा रेडिओ, सडा ते मुख्य खांबांवरून आलेली फायबर, आणि नाक्यावरचं सिमकार्डवर व्हीपीएन (मोबाईल नेटवर्कमधूनच सुरक्षित खासगी जोडणी) करून. म्हणजे जेटीच्या रिलेमधला एक आकडा कंट्रोल रूमला पोचेपर्यंत तीन गेटवे ओलांडणार: जेटी, सडा, मुख्य. यंत्रांची आपसात बोलायची भाषा, म्हणजे प्रोटोकॉल: गेटवे-गेटवेमध्ये सगळीकडे आयईसी १०४, खाली रिले आणि मीटरला मॉडबस.

आत्ता आंब्याचा सीझन आहे आणि बर्फाचे कारखाने जोरात, त्यामुळे जेटी फीडरवर (सबस्टेशनमधून निघणाऱ्या लाईनवर) लोड भरपूर. शटडाऊन मागून मिळणार नाही, सगळं चालू लाईनवर जपून करायचं. मृगाचा पाऊस ७ जूनच्या आसपास धरला तर हातात जेमतेम दोन महिने.

७ एप्रिल

पहिलाच अडथळा. तिन्ही गेटवेचा कॉमन अ‍ॅड्रेस, म्हणजे स्टेशनचा नंबर, १ आहे! एकेकटे होते तोवर कुणाला फरक पडत नव्हता, पण आता मुख्य गेटवेला तिघेही येऊन सांगणार मी स्टेशन १. वर आयओए नंबरही (स्टेशनातल्या प्रत्येक पॉइंटचा, म्हणजे प्रत्येक सिग्नल किंवा आकड्याचा नंबर) तिन्हीकडे १००१ पासून, म्हणजे जेटीचा ब्रेकर आणि नाक्याचा ब्रेकर एकाच नंबरचे. पॉइंट लिस्ट नीट न बघता जोडलं असतं तर एकाच्या जागी दुसरा दिसला असता आणि स्क्रीनवर काहीच चुकीचं वाटलं नसतं, हे जास्त भीतीदायक.

दिवसभर बसून नवीन यादी केली. जेटी ११, सडा १२, नाका १३. ब्रेकर आणि आयसोलेटर १००० च्या पुढे, अलार्म २००० च्या पुढे, अँपिअर-व्होल्ट ३००० च्या पुढे. आणि ९००० च्या पुढचे नंबर मुद्दाम रिकामे ठेवले, प्रत्येक यंत्राशी बोलणं चालू आहे की नाही हे सांगणाऱ्या पॉइंटसाठी. मागच्या एका कामात ही जागा ठेवली नव्हती आणि नंतर फार पस्तावलो होतो.

११ एप्रिल

जेटी. मॉडबसची केबल बघितली आणि पोटात गोळा आला. आठ मीटर, आठही मीटरवर १२० ओहमचा रेझिस्टर लावलेला. तो फक्त लाईनच्या दोन टोकांना लागतो. आठ ठिकाणी लावला की सगळे पॅरलल येऊन १५ ओहम होतात आणि लाईनवर सिग्नल ढकलणाऱ्या ड्रायव्हर चिपचा श्वास कोंडतो. शिवाय मधल्या मीटरपासून दोन फांद्या काढल्यात, आरएस ४८५ ला (मॉडबस ज्या वायरिंगवरून जातं त्याला) फांद्या चालत नाहीत, एकातून दुसऱ्यात अशी माळ हवी.

टर्मिनलवर हिरवा गंज. खारी हवा, पॅनलच्या ग्लँड (केबल आत येते तिथली बंद करायची फिटिंग) उघड्या, हिटर बंद. दोन टर्मिनल स्क्रू ड्रायव्हर लावताच तुटले. पॅनलच्या खालच्या कप्प्यात पालीची अंडी.

केबल पूर्ण नवीन ओढली. शील्ड (केबलमधलं धातूचं आवरण) एकाच बाजूला, गेटवेकडे अर्थ केली, कारण हा जांभ्याचा कातळ आहे, इथे अर्थिंगचा रेझिस्टन्स जागोजागी वेगळा आणि दोन्हीकडे अर्थ केली तर शील्डमधूनच करंट फिरतो. ग्लँड बंद केल्या, हिटर चालू केला. संध्याकाळी ६ ते रात्री ९ तीन तासांत एकही रिट्राय (उत्तर न आल्याने पुन्हा विचारणं) नाही. सकाळपर्यंत दर मिनिटाला पाच-सहा होते.

१५ एप्रिल

एका मीटरचं व्होल्टेज भलतंच येत होतं. फ्लोट (दशांशाचा) आकडा मीटरच्या मेमरीतल्या दोन रजिस्टरमध्ये, म्हणजे खान्यांमध्ये, असतो आणि त्या मीटरने दोन्ही उलट्या क्रमाने ठेवलेत. क्रम बदलला, आकडा बरोबर आला. पुढच्या माणसासाठी पॅनलच्या दारावर आतून कागद चिकटवला.

१८ एप्रिल

रेडिओ चढवला. जेटीच्या कंट्रोल रूमच्या छपरावर १० मीटरचा पाईप, सड्यावर टॉवर आहेच. सिग्नल उत्तम, पिंग २ मिलिसेकंद. संध्याकाळी साडेपाचला जेटीचे सगळे पॉइंट सडा ओलांडून मुख्यला दिसायला लागले. फार बरं वाटलं.

यंत्रचालक काकांनी चहा दिला. त्यांची २६ वर्षं याच सबस्टेशनला गेलीत, मे २०२१ च्या तौक्ते वादळात दोन रात्री इथेच बसून होते म्हणे. कुठला फीडर कुठल्या वळणावर झाडात जातो हे त्यांना तोंडपाठ.

२० एप्रिल

वेळेचा घोळ. सड्याचा गेटवे यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर), जेटीचा भारतीय वेळेवर, त्यामुळे एकाच ट्रिपिंगच्या दोन नोंदींत ५ तास ३० मिनिटांचं अंतर. ते एक वेळ सरळ करता येतं, पण दुसरी गोष्ट जास्त वाईट होती: सड्याचा गेटवे खालून आलेला टाइमस्टॅम्प काढून टाकून स्वतःचा लावत होता. म्हणजे जेटीला ब्रेकर उडाला त्याची खरी मिलिसेकंदातली वेळ हरवली आणि वर गेली ती सड्याला बातमी पोचल्याची वेळ. पहिला रिले कुठला उचलला हे शोधायला बसलं की असल्या नोंदीचा उपयोग शून्य.

सेटिंगमध्ये एक टिकमार्क होता, 'मूळ वेळ ठेवा' अशा अर्थाचा. लावला. तिन्ही ठिकाणी वेळ आता मुख्यच्या जीपीएस क्लॉकवरून एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळं जुळवायची पद्धत).

२४ एप्रिल

आज जे झालं ते सविस्तर लिहून ठेवतो.

सकाळी सव्वानऊला जेटीच्या काकांचा फोन. ते मुख्य सबस्टेशनला काही कामाने आले होते आणि तिथली स्क्रीन बघत होते. म्हणाले, "झिला, तुझो हो आकडो माका बरो दिसणा नाय. माझो फीडर साडेआठपासून बंद आसा, वायरमन लाईनवर आसत, आणि हंय ६४ अँपिअर खंयसून इले?"

मी मुख्यलाच होतो, धावत आलो. जेटी फीडर २, करंट ६४, ब्रेकर चालू, सगळं हिरवं. आणि फीडर खरोखर बंद, परमिट देऊन काम चालू. रेडिओ लिंक सकाळी आठ-सव्वाआठच्या दरम्यान तुटली होती आणि त्यानंतरची एकही गोष्ट वर आली नव्हती. शेवटचा आकडा ६४ होता, तो तसाच गोठून बसला.

कुणाला इजा झाली नाही. परमिट लेखी असतं, एबी स्विच (लाईन तोडणारा खांबावरचा स्विच) हाताने उघडतात, टेस्ट करून अर्थिंग रॉड लावल्याशिवाय कुणी खांबाला हात लावत नाही, स्क्रीन बघून कुणी वर चढत नाही. पण आज बंद असलेला फीडर चालू दिसला, उद्या उलटं होईल, चालू असलेला बंद दिसेल, आणि कुणी घाईत फोनवर विचारलं, "काय रे, लाईन बंद आहे ना?" तर स्क्रीनकडे बघून "हो" म्हणणारा माणूस खोटं बोलत नसेल, पण उत्तर खोटं असेल. हे मी बसवलेलं काम आहे. मला रात्री झोप लागली नाही.

२५ एप्रिल

लॅपटॉपवर सगळं ट्रॅफिक पकडून बसलो, एकेका टप्प्यावर.

आयईसी १०४ मध्ये प्रत्येक आकड्यासोबत क्वालिटीचे बिट जातात. त्यातले आपल्या कामाचे दोन: आयव्ही म्हणजे हा आकडा धरू नका, आणि एनटी म्हणजे हा आकडा शिळा आहे, ताजा मिळालेला नाही. प्रोटोकॉल लिहिणाऱ्यांनी सोय करून ठेवलीये. आता आपले गेटवे काय करतात ते बघितलं.

जेटीचा गेटवे: मीटरने उत्तर दिलं नाही की तीन रिट्राय करतो आणि आयव्ही लावतो. चांगलं.

सड्याचा: जेटीशी लिंक तुटली की काहीच करत नाही. शेवटचा आकडा, शेवटची क्वालिटी, तसंच धरून बसतो आणि वर विचारलं की तेच देतो. लिंक तुटल्याचं त्याला माहीत असतं, त्याच्या स्वतःच्या पानावर लाल दिवा लागतो, पण ते तो वर कुणाला सांगत नाही.

मुख्यचा: त्याची सड्याशी लिंक शाबूत, म्हणून त्याच्या दृष्टीने सगळं छान.

आणि जीआय! कंट्रोल रूमने जनरल इंटरॉगेशन (सगळे आकडे पुन्हा द्या ही मागणी) पाठवलं की सगळ्यांना वाटतं आता फील्डमधून ताजं आलं. नाही. मुख्यचा गेटवे स्वतःच्या मेमरीतून उत्तर देतो, सड्याला विचारतसुद्धा नाही. काल मी स्वतः दोनदा जीआय मारला आणि दोन्ही वेळा तोच ६४ नव्याने आल्यासारखा दिसला, त्यामुळे माझाही विश्वास बसत चालला होता की काकांचंच काहीतरी चुकतंय. काकांची माफी मागितली.

नुसत्या डोळ्यांनी पकडायचं म्हटलं तरी जमत नाही, कारण करंट थोडासाच हलला तर डेडबँडमुळे (बारीक बदल न कळवायच्या सेटिंगमुळे) नवा आकडा पाठवायचाच नसतो. दहा मिनिटं ६४ दिसणं हे खरंही असू शकतं.

रीस्टार्टचाही एक वेगळा धोका आहे: सड्याचा गेटवे बंद-चालू केला तर खालून काही यायच्या आत त्याच्या मेमरीत सगळीकडे शून्य आणि क्वालिटी चांगली. १५-२० सेकंद सगळे फीडर शून्य अँपिअर दाखवतो.

२८ एप्रिल

तीन दिवस सेटिंग आणि थोडं लॉजिक. काय ठरवलं ते:

लिंक तुटली की त्या लिंकखालचा प्रत्येक पॉइंट एनटी. आकडा पुसायचा नाही, शेवटचा काय होता हे माणसाला उपयोगी पडतं, पण तो शिळा आहे हे त्याच्यासोबतच गेलं पाहिजे. गेटवे नुकताच चालू झालाय आणि खालून अजून काहीच मिळालं नाही, तर आयव्ही. ब्रेकर डबल पॉइंट (दोन बिटांत स्थिती सांगणारा) असल्यामुळे त्याची सुरुवात ००, म्हणजे धड चालू नाही धड बंद नाही, अशी ठेवली.

खालून आयव्ही किंवा एनटी आला तर वरच्या गेटवेने तो जसाच्या तसा पुढे द्यायचा, स्वतःच्या मनाने साफ करायचा नाही. हे सड्याच्या जुन्या गेटवेमध्ये सेटिंगने होत नव्हतं, प्रत्येक पॉइंटला लॉजिक लिहावं लागलं, १४२ पॉइंट, सगळे हाताने.

९००० च्या जागेत प्रत्येक यंत्राचा 'बोलतोय' पॉइंट. आणि जेटीच्या गेटवेत एक काउंटर, दर १० सेकंदांनी एकने वाढणारा, तो तिन्ही गेटवे ओलांडून कंट्रोल रूमपर्यंत. ३० सेकंद काउंटर हलला नाही तर अलार्म, मग मधल्या कुणाची क्वालिटी काहीही म्हणो. माझा सगळ्यात जास्त विश्वास या काउंटरवर आहे. बिट लावायला कुठला गेटवे विसरू शकतो, पण थांबलेला आकडा कुणी पुढे ढकलू शकत नाही.

स्क्रीनवर एनटी असलेला आकडा करडा आणि त्याच्या बाजूला शेवटची ताजी वेळ. नुसता रंग पुरत नाही, एका यंत्रचालकाला हिरवा आणि करडा वेगळे दिसत नाहीत म्हणाले, म्हणून आकड्यापुढे 'शिळा' हा शब्दच घातला. साहेबांना शब्द जरा विचित्र वाटला पण ठेवा म्हणाले.

३० एप्रिल

ओढून बघायचा दिवस. मीटरची वायर काढली, रिलेची काढली, जेटीचा गेटवे बंद केला, रेडिओची पॉवर काढली, फायबर काढली, प्रत्येक वेळी कंट्रोल रूमला फोनवर माणूस बसवून विचारलं, "काय दिसतंय?" एकूण १७ वेळा. दोनदा चुकलं, दोन्ही पॉइंट लॉजिकमधून माझ्याकडून सुटलेले. दुरुस्त करून पुन्हा १७.

६ मे

आता लिंक तुटली की दिसतं, आणि दिसायला लागल्यावर कळलं की ती रोज तुटतेय. आधीही तुटत असणार, २४ तारखेला फक्त फीडर बंद होता म्हणून उघड झालं.

परवा दुपारी पाऊण वाजता, नंतर संध्याकाळी पावणेसात. काल दीड आणि साडेसात. आज सव्वादोन. काही वेळ जाते आणि आपोआप येते. मी रेडिओचं फर्मवेअर बदललं, चॅनल बदलला, केबल बदलली. काही फरक नाही.

काकांना नुसत्या वेळा वाचून दाखवल्या. त्यांनी क्षणभर बोटं मोजली. "परवा पंचमी, पाचाचे पाऊणपट पावणेचार. पावणेचारक भरती पुरी. तुझा ह्या पाण्याबरोबर चललाहा." तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, हा हिशोब इथे होडीवरच्या पोरालाही येतो. माझे वडीलही करायचे, पण मला रेडिओशी त्याचा संबंध लावायचं सुचलं नाही.

पावणेचारला पूर्ण भरती, तर त्याआधी तीन तास आणि नंतर तीन तास पाणी अर्ध्यावर. बरोबर तेव्हाच लिंक जाते. कारण स्पष्ट आहे, रेडिओची एक लाट सरळ जाते आणि एक खाडीच्या पाण्यावर आपटून जाते, पाणी एका ठरावीक उंचीला आलं की दोन्ही एकमेकींना मारतात. चाचणी घेतली होती १८ तारखेला, त्या वेळी पाण्याची उंची नेमकी सोयीची होती एवढंच.

९ मे

अँटेना वर न नेता खाली आणली. १० मीटरचा पाईप काढून इमारतीच्या मागच्या अंगाला अशा जागी लावली की सडा सरळ दिसतो पण पाण्यावरून येणारी लाट छपराच्या कडेला अडते. सिग्नल थोडा कमी झाला, चालेल.

१३ मे

चार दिवस, आठ भरत्या, एकदाही करडं नाही.

१६ मे

नाक्याचं सिम. मोबाईलवर उत्तराला कधीकधी १८ सेकंद लागतात आणि टी१ ची (उत्तराची वाट बघायची मुदत) ठरलेली वेळ १५, म्हणून चांगली लिंक गेटवे स्वतःच तोडत होता. टी१ ३० केला. टी३ पण ६० करूया असं सहकाऱ्याचं म्हणणं होतं, मी २० च ठेवला. टी३ म्हणजे शांतता किती वेळ सोसायची, आणि मग टी१ उत्तराची वाट. ६० आणि ३० म्हणजे दीड मिनिट शिळा आकडा ताजा म्हणून दिसणार. २० आणि ३० मध्ये ५० सेकंद. तेवढंही मला जास्तच वाटतं, पण मोबाईलवर याहून कमी जमत नाही.

संध्याकाळी वळवाचा गडगडाट, ४८५ च्या दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर बसवले.

१९ मे

रिमोटने ब्रेकर चालू-बंद करायची मागणी आली. आत्ता नको म्हणालो आणि लेखी दिलं. सड्याचा गेटवे खालून होकार यायच्या आत स्वतःच वर होकार देतो, म्हणजे जेटीला कमांड पोचली की नाही हे न कळता 'झालं' दिसतं. हे सुटेपर्यंत साखळीतून कमांड जाणार नाही, कमांडचे पॉइंट यादीतूनच काढलेत.

२ जून

कालपासून मासेमारी बंद, आता ३१ जुलैपर्यंत. बर्फाचे कारखाने थांबले आणि जेटी फीडर २ चा करंट उतरला. सकाळी काकांनी फोन करून तो आकडा स्वतः मीटरवर वाचला, मी कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर. दोघांचा २१.

११ जून

रात्री ११:२० ला तुफान पाऊस आणि वारा. जेटी, सगळे पॉइंट एकदम 'शिळा', काउंटर थांबला. कंट्रोल रूमच्या मॅडमनी लगेच जेटीला फोन लावला. काका ड्युटीवर होते, फीडर २ अर्थ फॉल्टवर उडालाय म्हणाले, रेडिओची पॉवरही त्याच झटक्यात गेली. मॅडमनी लॉगला लिहिलं: जेटी स्क्रीन शिळी, स्थिती फोनवरून घेतली, फीडर २ बंद. गँग निघाली तेव्हा वायरमन दादांनी विचारलं की स्क्रीनवर काय आहे, मॅडम म्हणाल्या, "स्क्रीनचं धरू नका दादा, काकांना विचारून मगच पुढे व्हा."

पावणेदोनला चिऱ्याच्या खाणीजवळ तारेवर पडलेली माडाची झावळी काढली. २:०५ ला फीडर चालू.

१२ जून

रेडिओची पॉवर स्टेशन बॅटरीवर घेतली, आधी साध्या प्लगवर होती, ही माझी चूक. प्लग काढून ठेवला. ट्रिपच्या नोंदी तपासल्या: जेटीच्या गेटवेने लिंक नसताना घटना साठवून ठेवल्या होत्या, लिंक आल्यावर मूळ वेळेसकट वर गेल्या, २३:२० च्या.

बाकी: सड्याचा गेटवे बदलायचा प्रस्ताव, नाक्याला फायबर मिळते का बघणे, जेटीच्या पॅनलचा हिटर दर पंधरवड्याला तपासणे, काकांना पॉइंट लिस्टची छापील प्रत देणे.